हातचे चोपन्न

डाकारच्या कचेरीतून पत्र आलं.
मास्तरांनी दोनदा वाचून दाखवलं,
एकदा फ्रेंचमधून, एकदा आमच्या पुलारमधून.
दोन्हीकडे आमचं गाव
वाळवंटातच निघालं.

हिशेब सोपा आहे, येरो, ते म्हणाले.
वर्षाची सरासरी उष्णता घे, अठ्ठावीस अंश.
विसाने गुण. पाचशे साठ.
इथला पाऊस तापल्या महिन्यांतच येतो
आणि मुरायच्या आत उडून जातो,
म्हणून वर दोनशे ऐंशी.
झाले आठशे चाळीस. त्याचं अर्धं कर.
चारशे वीस मिलिमीटर, हा उंबरठा.
तीस वर्षांची सरासरी याच्या वर असली तर स्टेप,
म्हणजे गवत.
खाली गेली, की गवताचं अक्षर खोडून
वाळवंटाचं लिहितात.
पहिलं अक्षर, कोरडेपणाचं, तसंच राहतं.
शेवटचं, धाकटं, उन्हाचं, तेही.
ते अठराच्या वर कुणालाही मिळतं,
त्यासाठी आम्हाला काही करावं लागलं नाही.

आमची सरासरी भरली
चारशे अठरा पूर्णांक नऊ.

तीस वर्षं ते भांडं मीच वाचलं.
जस्ताचं नरसाळं, खाली काचेची नळी,
सकाळी आठला, गुरं सोडण्याआधी.
कोरड्या दिवसाला शून्य.
नऊ नऊ महिने नुसती शून्यं.
माझ्याइतकी गोल शून्यं
सगळ्या फेर्लोत कुणी काढत नसेल.

आणि एकदाच, एक रेघ.

त्या रात्री दिएनाबाला कळा लागल्या.
वेंदू बोकीपासून दाहरापर्यंत गाढवगाडी,
आणि पाऊस असा
की गाढवाचे कान दिसेनात.
मी तिच्यावर कातडं धरून बसलो होतो,
माझ्या पाठीवर किती पडला
कुठल्या नळीत मोजणार?
चौथ्या दिवशी परतलो
तर शेळ्यांनी खांब आडवा केलेला,
भांडं पालथं,
वाळू ओठ पुसून बसलेली.
पलीकडच्या बोअरवर हमादीच्या भांड्यात
त्या रात्री चोपन्न भरले होते.
घे, लिही, तो म्हणाला.
पण त्याचा पाऊस माझ्या वहीत कसा लिहू?
मी रेघ मारली.

रेघ म्हणजे शून्य नव्हे.
रेघ म्हणजे माणूस घरी नव्हता.
डाकारमध्ये कुणीतरी,
पंख्याखाली, जेवणाच्या सुट्टीआधी,
तिचं शून्य करून टाकलं.

चोपन्न भागिले तीस,
मास्तर पुटपुटले, एक पूर्णांक आठ.
मिळवले. चारशे वीस पूर्णांक सात.
मग पेन्सिल कानामागे खोचून
बराच वेळ बाहेर बघत राहिले.
हातचा धरायला विसरले रे, म्हणाले.

तसं आम्हाला काय,
आमचे ऋतू पाच, ते गाईंच्या दुधावर ठरतात.
आटलं की चेएडू, फेसाळलं की न्दुंगू,
तिथे चारशे वीसचा उंबरठा नाही.
तरी रात्री झोप लागेना.
तीस वर्षं ज्या वहीवर हात ठेवून
मी खरं बोललो,
तीच मला खोटं पाडून गेली.

हातचे चोपन्न इथेच आहेत.
आता चौदा वर्षांचे झालेत.
शाळेच्या पटावर नाव खादिएल,
हाक मारताना सगळेच तोबो म्हणतात,
तोबो म्हणजे पाऊस.
काल उत्तराचं पत्र तिनेच लिहिलं,
मी सांगत गेलो, ती माझ्यापेक्षा कमी शब्दांत.
पाकीट चिकटवायच्या आधी
उंबरठ्यावर बसून तिने
घागऱ्याच्या काठाला लागलेली कुसळं
एक एक करून उपटली
आणि आत टाकली.

टोचतील त्यांना, मी म्हणालो.

तिने जिभेने पाकिटाची कड ओली केली,
थुंकी पुरेना, म्हणून दोनदा.